पुढं गेलेले हात

नेकनूर मागं पडलं, मांजरसुंबा यायचं होतं, आणि मधेच कुणीतरी रस्त्यावर हौसेनं घालून ठेवलेला गतिरोधक आला. एसटी त्यावर अशी आदळली की मागच्या बाकड्यावरची म्हातारी देवाचं नाव घेता घेता ड्रायव्हरच्या खानदानापर्यंत जाऊन पोचली. एरवी साखराबाईनंच सुरुवात केली असती, पण आज तिला बोलायचाच कंटाळा होता. सकाळपासून अंबाजोगाईच्या दवाखान्यात ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडून जीव आंबून गेला होता. शिवाय तिचं लक्ष नातीच्या हातांकडं गेलं होतं. एसटीचं तोंड वर उचललं गेलं तसे राजनंदिनीचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि सरळ पुढं गेले. दचकलं की माणूस हात छातीशी घेतं, नाहीतर समोरची दांडी पकडतं. हे हात काही पकडायला गेलेच नव्हते. मुठी वळलेल्या, कोपरं ताठ, कुणाला काहीतरी देऊन टाकावं तसे ते पुढं गेले, आणि त्यांच्यामागं पोरीचं सगळं अंग ओणवं झालं. कपाळ दांडीला लागता लागता राहिलं. मग तिनं हात मागं घेऊन ओढणीखाली घातले. चोरी करताना सापडलेल्या लेकराला गप्प बसवावं तसं घातले, आणि खिडकीबाहेरच्या तुरीच्या रानाकडं बघत बसली. "मान दुखली का गं?" साखराबाईनं विचारलं. "न्हाई, मोठी आई." न्हाई तर न्हाई. पण हे हात तिनं कुठंतरी बघितले होते, लई जुने, लई ओळखीचे. कुठं ते मात्र आठवंना, आणि आठवायची ताकदही नव्हती.

वय झालं की शीण पायात येतो म्हणतात. साखराबाईचा शीण तोंडात आला होता. पंधरवडा झाला, ती एकच गोष्ट सांगत होती, आणि ऐकणारा पुन्हा नव्यानं विचारत होता. फोन आला तेव्हा ती ज्वारी निवडत होती. परमेश्वरनं, तिच्या लेकानं, फोन कानाला लावला आणि उभा होता तो हळूच खाली बसला. "पोरगी ठीक हाय," तो आधी म्हणाला. ठीक हाय हे आधी सांगावं लागतं तेव्हाच काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं कळायला शाळा लागत नाही. साखराबाई दुसरीतून उठून मेंढ्यांमागं गेली होती, तरी तिला कळलं. मग फोनवर फोटो आला. हिरव्या गवतात एक छोटं पांढरं विमान, मागची चाकं जमिनीवर आणि नाक मातीत. कोकरू आईच्या कासेला लागताना पुढचे गुडघे टेकतं ना, तसं. तोंडावरच्या पंख्याची पाती केळीच्या पानागत मागं मुडपलेली. त्या कोकराच्या पोटातून नात चालत बाहेर आली होती. मान लचकली, खांद्याला पट्ट्याचा वळ उठला, एवढंच. "काय झालं?" तर म्हणे उतरताना वारं आडवं आलं. वारं आलं, हे सगळ्यांना पटलं. वाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. पण गल्लीतली कडूबाई घरी आली, चहा पिऊन झाला, आणि मग पदरानं ओठ पुसत म्हणाली, "तुमची नात इमानातून पडली म्हनं, साखराबाई." साखराबाईनं कप उचलला. "पडली न्हाई. उतरली. जरा जोरात उतरली. तुजा ल्योक भागवत तर इमानात न बसता, नुसत्या बाटलीनं रोज पडतोय, त्याला कुटं लावलीस का मलमपट्टी?" कडूबाई गेली ती परत आली नाही. त्या दिवशी साखराबाईला बरं वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं नाही. नुसतं दमल्यागत झालं.

दमणारच. गेली दोन वर्षं, पोरगी विमान चालवायला शिकायला गेल्यापासून, ही नात तिनं डोक्यावर घेऊन मिरवली होती. वडवणीच्या बाजाराला गेली की भाजीवाल्याला सांगायची, कंडक्टरला सांगायची, बांगड्या भरता भरता कासारणीला सांगायची. ज्यांच्या आज्यानं आभाळाकडं फक्त पाऊस कधी येतो म्हणून बघितलं त्यांची पोरगी आभाळात गाडी हाकती. असं सांगताना तिची मान ताठ व्हायची, आणि एक भीती मानेच्या खाली, छातीत, मुकाट बसून राहायची. ती भीती तिनं कुणाला दाखवली नव्हती. पोरगी पहिल्यांदा एकटी उडाली म्हणून फोन आला, त्या दिवशी घरात पेढे आले. साखराबाईनं पेढा तोंडात धरला आणि तो गिळायला तिला संध्याकाळ झाली. आता ती भीती खरी झाली होती. खरी झालेली भीती कशी असते, तर घरात आलेल्या पाहुण्यासारखी. तिची आता वाट बघायला नको. जरा सैलच वाटतं. मनातल्या मनात साखराबाई आता पोरीला परत पाठवायचीच नाही असं ठरवून बसली होती, आणि हे ठरवलंय हे तिनं स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

बीडला घरी आल्यावर सुनेनं, मोहिनीनं, गरम भाकरी वाढली. डॉक्टर काय म्हणाले ते परमेश्वरनं विचारलं. हाडाला काही नाही, मानेला आराम पडला, आता कामाला लागा म्हणाले. सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण कामाला लागा म्हणजे काय, हा दगड सगळ्यांच्या ताटात येऊन बसला. पोरीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच फिरवत बसली. मोहिनीनं हळूच विषय काढला. "आंबाजोगाईलाच बीएडला घालू की. माज्या मावशीच्या तिथं ऱ्हाईल. लोकांच्या पोरी करत न्हाईत का? जमिनीवरची नोकरी म्हंजे नोकरी न्हाई का?" परमेश्वर बायकोकडं बघेना, लेकीकडं बघेना, त्यानं आईकडं बघितलं. तसं तो लहानपणापासून बघत आलेला. दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला तेव्हाही आधी आईकडं बघितलं होतं. "आई म्हनंल तसं करू," तो म्हणाला. ह्या घरात ते वाक्य एकदा पडलं की पुढं कुणी बोलत नाही. राजनंदिनी मात्र बोलली, ताटाकडं बघूनच. "मोठ्या आईला कावून तरास देता? मीच सांगणार हाय तिकडच्या सरांना. उद्या सकाळी फोन करते. येत न्हाई म्हणून." आणि उठून जिन्यानं गच्चीवर गेली. मोहिनीनं श्वास सोडला. परमेश्वरनंही सोडला. साखराबाईला वाटलं, आपणही सोडावा. झालं की. आपल्याला न बोलता झालं. पण श्वास जिथल्या तिथंच राहिला, कारण जिना चढताना पोरीनं एकदाही कठड्याला हात लावला नव्हता. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून चालली होती. दुखणारा हात माणूस असा धरत नाही. लाजिरवाणी वस्तू अशी धरतं.

ऊन उतरल्यावर साखराबाई गुडघे धरत धरत वर गेली. गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या कुरडया, आणि एका प्लास्टिकच्या खुर्चीत ती पोरगी. साखराबाई टाकीच्या कट्ट्यावर टेकली. खाली कुणाचातरी कुकर शिट्ट्या मारत होता. शेवटी ती म्हणाली, "वारं आलं व्हतं का खरंच?" "न्हाई," ती म्हणाली, "वारं कुटलं. झाडाचं पान हालत नव्हतं." "मग?" "मग काय. माज्यानंच झालं." "कसं झालं ते मला दाखव." "तुला काय कळणार हाय, मोठी आई?" "न्हाई कळलं तर न्हाई. दाखवायला काय पैशे पडतेत का?" पोरीला हसू आलं नाही, पण ती खुर्चीत सरळ बसली. समोर नसलेलं काहीतरी तिनं दोन मुठींत धरलं. "हे हँडल. मागं ओढलं की इमानाचं नाक वर, पुढं ढकललं की नाक खाली. उतरायचं तवा मागची दोन चाकं आधी टेकवायची, आन् नाकाचं चाक सगळ्यात शेवटी, हळूच. त्या दिवशी मी एकलीच व्हते, सर खाली उभे. जरा जोरात आले. मागची चाकं टेकली आन् इमान उडालं वर, चेंडूवानी. नाक वर आलं. असं झालं की काय करायचं ते मला पाठ हाय. हँडल जागच्या जागी धरून ठेवायचं, पुढं न्हाई, मागं न्हाई. इंजिनाला जोर द्यायचा, परत वर जायचं, फिरून यायचं. एवढंच. झोपेत विचारलं तरी सांगंन." तिनं आपल्या मुठींकडं बघितलं. "पण नाक वर आलं आन् माजे हात पुढं गेले. मी न्हाई दिले, मोठी आई. ते गेले. नाकाचं चाक आदळलं, इमान आणखी वर उडालं, नाक आणखी वर आलं, हात आणखी पुढं. मग ते चाकच मोडलं." तिनं ते करून दाखवलं. मुठी वळलेल्या, कोपरं ताठ, अंग ओणवं, हनुवटी जवळजवळ मनगटांवर. "एकदा सर शेजारी असताना बी असंच झालतं. त्यांनी धरलं म्हणून वाचलो. आता इमान मोडल्यावर ते म्हणले, राजनंदिनी, हे मी शिकवलेलं न्हाई, हे तुज्या अंगात कुठून आलंय ते बघ, आन् मग ये. मी लई बघितलं. मला न्हाई सापडलं. माज्या हातात काय भूत हाय का काय. मी सांगते एक, ते करतेत एक. अशा माणसानं वर जाऊ ने. मी नालायकच आसंल."

साखराबाई बघत राहिली त्या ओणव्या अंगाकडं. कुरडयांवर एक कावळा येऊन बसला. एरवी तिनं चप्पल फेकली असती. गच्ची नव्हतीच आता. गोदाकाठची गव्हाळी रानं होती, कुणाच्यातरी शेतात मेंढ्या बसवलेल्या, घोंगडी वाळत टाकलेली, आणि बिऱ्हाड उचलायची घाई. हरणी घोडीवर तंबू, पातेली, दोन दिवसांची कोकरं, आणि सगळ्याच्या वर ही. पाच-सहा वर्षांची, केसांत लोकरीची कुसळं, नाक गळतंय. परमेश्वर तेव्हा मेंढ्यांमागंच होता, मोहिनी धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. आणि त्याच्या एक साल आधीची दुसरी सकाळ. गहिनीनाथ, साखराबाईचा नवरा, ह्याच हरणीवर बसून ओढ्यातून वर निघाला होता. झाडीतून रानडुक्कर निघालं. हरणी मागच्या पायांवर उभी राहिली आणि गहिनीनाथनं कासरा छातीशी ओढला, जसा कुणीही ओढील. घोडी उलटी त्याच्या अंगावर आली. आठ दिवस तो खाटेवर होता, मग गेला. त्या आठ दिवसांत तो एकच गोष्ट शहाण्यासारखी बोलला. "मी वडायला नको व्हतं." साखराबाईनं मग रडण्यात वेळ घालवला नाही. तिनं घोडी विकलीही नाही. घोडीनं काय केलं होतं? तिनं नात पकडली. घोंगड्यांची वळकटी बांधून बांधावर ठेवली, पोरीला तिच्यावर बसवलं, हातात कासरा दिला, आणि वळकटी पुढून उचलायची. "वडू नको! मानेवर पड! हात दे तिला, हात पुढं दे!" पोरगी मागं ओढायची की पाठीत एक धपाटा. रोज, मेंढ्या दुपारी सावलीला बसल्या की हेच. पोरगी रडायची, परमेश्वर म्हणायचा, आई बास कर आता. बास नाही केलं. वळकटी उचलायच्या आत हात पुढं जायला लागले तेव्हा बास केलं. आणि मग पुढच्या सुगीत, माजलगावच्या रस्त्यावर, उसाची ट्रॉली आली, तिच्यावर भोंगा लावून गाणी चाललेली, आणि हरणी उभी राहिली सरळ आभाळात. साखराबाई शंभर पावलांवर होती. पळता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. तिनं बघितलं, ते एवढुसं अंग घोडीच्या मानेवर पडलं, दोन्ही हात पुढं, कोपरं ताठ. घोडी खाली आली, पुढच्या पायांवर, शहाण्यासारखी. पोरगी वरच होती. कोकरंसुद्धा वरच होती.

"तुला हरणी आठवती का गं?" साखराबाईनं विचारलं.

"कोण हरणी?"

"आपली घोडी."

"आं... पांढरी व्हती ना?"

"काळी."

पोरीला घोडीचा रंगसुद्धा आठवत नव्हता. धपाटे आठवत नव्हते, बांध नाही, ट्रॉली नाही. सगळं गेलं होतं, नुसते हात राहिले होते. सर म्हणाले होते, कुठून आलंय ते बघ. आणि साखराबाईला दिसलं की आत्ता, ह्या कट्ट्यावर, ती एकटीच ते बघतेय. नुसतं गप्प बसलं तर पुरे होतं. खोटंही बोलायला नको होतं. उद्या सकाळी फोन झाला असता, पोरगी अंबाजोगाईला गेली असती, तिथल्या शाळेत पोरांना पाढे शिकवले असते, संध्याकाळी घरी आली असती, रोज, जमिनीवरून. कडूबाईला उत्तर द्यायला लागलं असतं, ते काय, देता आलं असतं. म्हातारपणी आणखी काय पाहिजे असतं माणसाला, तर आभाळात आवाज झाला की वर बघायला लागू नये. तिला इतकं दमल्यासारखं झालं होतं की गप्प बसणं हे पाप नव्हे, झोप वाटत होती. तिनं डोळे मिटलेसुद्धा. पण मिटल्या डोळ्यांत ती पोरगी हात ओढणीत गुंडाळून जिना चढत होती. उद्या चढली असती, परवा चढली असती, नवऱ्याच्या घरचा जिना चढली असती तशीच, स्वतःच्या हातांना भूत म्हणत. ज्या हातांनी ती जिवंत राहिली त्यांनाच. ते काही साखराबाईला सोसण्यासारखं नव्हतं. तिनं घडवलेल्या मालाला कुणी खोटं म्हणावं?

"नालायक म्हनू नको त्यास्नी," ती डोळे न उघडता म्हणाली. "ते हात तुजे न्हाईतच. माजे हायेत."

मग तिनं सांगितलं. न रडता, डोळ्यांना पदर न लावता. कुणाचं शेत कुठं होतं ते सांगावं तसं. गहिनीनाथचं, वळकटीचं, धपाट्यांचं, ट्रॉलीचं. पोरगी ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिनं ओढणीतून हात बाहेर काढून मांडीवर उताणे ठेवले, आणि कुणा दुसऱ्याची वस्तू बघावी तशी बघत राहिली. "म्हंजे तू चुकीचं शिकवलंस मला," ती शेवटी म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. साखराबाईचे डोळे उघडले. "चुकीचं? घोडी व्हती ती! घोडीला तसंच लागतं. तुज्या सरांना बसवा हरणीवर, मग बघू किती इंजिनाला जोर देतेत ते." आता मात्र पोरीला हसू आलं, मान दुखेपर्यंत. हसू थांबल्यावर तिचा चेहरा बारीक झाला. "पण आता काय करू? कळलं म्हणून हात ऐकतेत का?" "कळून कुटं ऐकतेत. धपाट्यानं शिकलेत, तसंच विसरतील. बस नीट. धर तुजं ते हँडल."

ती उठली. गुडघे बोंबलले. तिनं पोरीच्या मागं जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची मागं कलवली, पुढचे पाय वर. पोरीचे हात पुढं गेले. साखराबाईनं मनगटावर चापट मारली. "जागेवर!" पुन्हा कलवली. पुन्हा गेले. आणखी चापट. "जागेवर ठेव म्हनले ना! दिऊ नको. कुणालाच काही दिऊ नको." स्वतःच्याच तोंडून हे ऐकताना तिला कसंतरी झालं. जन्मभर लेकींना, सुनांना, नातीला, सगळ्यांना तिनं हात पुढं करायलाच शिकवलं होतं. खुर्ची वर, खुर्ची खाली. वळकटी वर, वळकटी खाली. कुठला हात आत्ताचा आणि कुठला तेव्हाचा तेच मधे मधे समजेना, एकदा तर ती ओरडली, "मानेवर पड!" आणि पोरगी वळून बघायला लागली. "न्हाई न्हाई. चुकले. जागेवर." मोहिनी कुरडया काढायला वर आली आणि दारातच थबकली. "आत्याबाई! पोरीची मान बरी झाली तर मोडायचीच का आता? काय चाललंय हे?" "शिकवलेलं परत घ्यायलेय," साखराबाई धापा टाकत म्हणाली. "तू कुरडया बघ. कावळ्यानं निम्म्या नेल्या." मोहिनीनं एकदा सासूकडं बघितलं, एकदा लेकीकडं, आणि काय समजायचं ते समजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुरडयांचं सूप कंबरेवर घेऊन ती खाली गेली. परमेश्वरला काय सांगायचं ते साखराबाईनं तिच्यावर सोडलं. दिवे लागले तेव्हाही हात पुढं जात होते. कमी जात होते, पण जात होते.

सकाळी राजनंदिनीनं फोन केला. येते म्हणून सांगितलं. सरांनी काय म्हटलं ते साखराबाईनं विचारलं नाही. पोरीनं "होय सर, सापडलं" एवढं म्हटलेलं तिला ऐकू आलं, ते पुरे झालं. रिक्षानं स्टँडवर निघाल्या, दोघीच. परमेश्वर टेम्पोवर गेला होता, आणि मोहिनीला उंबऱ्याच्या आतूनच निरोप देणं जमलं. बॅग दोघींच्या मधे. साखराबाईला रात्रभर खांदे ठणकत होते, आणि आता डोळ्यावर झापड येत होती. ती पोरीला काही सांगणार होती. जपून, देवाचं नाव घेऊन, असलं काहीतरी, जे सगळे सांगतात. पण त्यातलं काही खरं वाटेना म्हणून सांगितलं नाही. शाळेच्या समोर रिक्षावाल्यानं न बघताच गतिरोधकावर गाडी घातली. पुढचं चाक उडालं, रिक्षाचं तोंड वर आलं. साखराबाईनं चटकन नातीकडं बघितलं. राजनंदिनीचे हात बॅगेवर होते. एकावर एक. जागेवर. सवयीनं राहिले का जोर लावून धरून ठेवलेत, ते म्हातारीला कळलं नाही; बोटांची पेरं जरा पांढरी दिसली. पोरगी मात्र हातांकडं बघतच नव्हती. ती समोर बघत होती. तिकडं, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांडीवर, मुठी वळलेल्या, कोपरं ताठ, दोन सुरकुतलेले हात पुढं गेलेले होते, आणि त्यांच्यामागं साखराबाईचं सगळं अंग ओणवं झालं होतं. साखराबाईनं ते हात मागं घेतले नाहीत. दमलेत, राहू दे जरा तिथंच, असं तिला वाटलं.